समोरच्याचा कागद

मला डोकावायची खोड आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून कोणी दचकायला नको. माझं नाव नागसेन, वय अठ्ठेचाळीस, तळवड्याच्या एका लहानशा कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे लोकांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी हेच काम मी फुकट करतो, असं माझी बायको नीला म्हणते.

इंग्रजीत ह्या खोडीला पीक म्हणतात, हे मला माझ्या मुलाने, प्रितमने सांगितलं. तो आकुर्डीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. त्यांच्या अभ्यासात पीक म्हणजे ढिगाऱ्यातली सगळ्यात वरची वस्तू न उचलता नुसती बघून घ्यायची. "हात लावायचा नाही बाबा, फक्त बघायचं. तुम्ही आईच्या फोनचं करता तसं." शेजारच्या फ्लॅटमधली आई आपल्या बाळासमोर टॉवेलामागून तोंड काढून 'पीका बू' करते. आमच्या लहानपणी त्याला 'बुवा कुक' म्हणायचे आणि टॉवेलाऐवजी पदर असायचा. आमच्या कंपनीत पीक हे एका प्लास्टिकचं नाव आहे. मातकट पिवळे दांडे येतात, भयंकर महाग, कितीही तापवा दाद देत नाहीत. त्याच्या आम्ही रिंगा करतो आणि त्या चाकणला एका पंपवाल्यांकडे जातात. माझे वडील भिवा मात्र पीक म्हटलं की ज्वारीच समजायचे. ते स्वतः आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पण मुलगा पिकाच्या कंपनीत आहे, म्हणजे अवजारांचं काहीतरी असणार, असं ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले. मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

ही खोड कुठून लागली माहीत नाही. विहारात रविवारी सगळे डोळे मिटून बसले की मी एक डोळा उघडून कोणी उघडलाय का ते बघायचो. एकदा तसा उघडला तर भन्तेजी थेट माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हसून मान हलवली आणि परत डोळे मिटले. मला आजतागायत कळलेलं नाही की त्यांनी का उघडले होते. लग्नासाठी नीलाला बघायला गेलो तेव्हा पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारातून आत नजर टाकली, तर ती आतून पडद्याच्या फटीतून मलाच न्याहाळत होती. हिच्याशी आपलं जमेल, असं मी तिथेच ठरवलं. पुढे तिने ती सवय सोडली, मला सोडता आली नाही.

बसमध्ये तर माझा हात कोणी धरू शकत नाही. निगडीहून तळवड्याला जाताना शेजारच्याच्या फोनमधलं निम्मं जग माझं वाचून होतं. एकदा एका मुलाचं त्याच्या मैत्रिणीशी भांडण चाललं होतं. मी इतका गुंतलो की तो पोरगा म्हणाला, "काका, वर सरकवू का? सुरुवातीपासून वाचा." मी स्टॉप नसताना उतरलो.

आता एक गंमत सांगतो. दुसऱ्याचा फोन मला लख्ख दिसायचा, स्वतःचा दिसायचा नाही. गेल्या दोन वर्षांत जवळचं हळूहळू धूसर होत गेलं. भाजीवाल्याला पैसे पाठवताना फोन इतका लांब धरायचो की भाजीवाल्यालाच रक्कम वाचून दाखवावी लागायची. ह्या वयात सगळ्यांचंच असं होतं, तीन मिनिटांत चष्मा मिळतो. पण क्वालिटीतल्या माणसाला चष्मा लागला की त्याची पॅकिंगला बदली होते, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कोणी बसवलं? मीच. आमच्याकडे एका वयस्कर इन्स्पेक्टरची तशी बदली झाली होती, तीही त्याच्या गुडघ्यासाठी. मी गुडघा सोडून चष्माच लक्षात ठेवला.

कंपनीत वर्षातून एकदा डोळे तपासायला डॉक्टर येतात. जवळचं वाचायचं एक कार्ड असतं. मी रांगेत मुद्दाम सहावा उभा राहिलो, पुढच्या पाच जणांनी वाचलेल्या ओळी पाठ केल्या आणि डॉक्टरांसमोर घडाघडा म्हणून दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, "वा, ह्या वयात!" मी लाजलोसुद्धा.

मग माप कसं घेत होतो? इथे विजयश्री येते.

विजयश्री नांदेडकडची. तीन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर लागली आणि माझ्या हाताखाली आली. मायक्रोमीटर कसा धरायचा, ड्रमवरच्या बारीक रेषा कशा वाचायच्या, हे तिला मी शिकवलं. त्या काळी मला त्या रेषा दिसत होत्या. आमच्याकडे प्रत्येक लॉटच्या रिंगा दोघांनी मोजायच्या असतात. पहिलं माप तिचं, पडताळणीचं माझं, रिपोर्टवर दोघांच्या सह्या. ती टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. तिचा कागद माझ्यापासून दीड हातावर, म्हणजे जिथे माझे डोळे ठणठणीत. दिवाळीच्या सुमारास एकदा रेष दिसेना म्हणून मी तिच्या कागदावर नजर टाकली. आकडा दिसला, लिहिला. तो बरोबरच होता. दुसऱ्या दिवशी परत टाकली. नंतर मी मायक्रोमीटर नुसता हातात धरायचो, भुवया आक्रसायचो, थोडा वेळ थांबायचो आणि तिचा आकडा उतरवायचो. भुवया मात्र मी फार छान आक्रसायचो.

मे महिन्यात आमच्या क्वालिटीच्या मॅनेजर योगिनी मॅडमनी एक परीक्षा ठेवली. चाकणच्या लोकांना खात्री हवी होती की आमच्याकडे घेतलेलं माप भरवशाचं असतं. दहा रिंगा, तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने प्रत्येक रिंग तीन वेळा मोजायची. एकाने दुसऱ्याचं माप बघायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. सगळ्यांचं जवळजवळ एकसारखं आलं की परीक्षा पास. मी, विजयश्री आणि दुसऱ्या लाइनवरचा सुजित असे तिघं.

ह्यात विजयश्रीचं बरंच काही अडकलेलं होतं. परीक्षा पास झाली तर एक जूनपासून परमनंट, असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. परमनंट म्हणजे कायमची जनरल शिफ्ट. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरते (दिवाळीपासून तिच्याबरोबर मीही मागून घेऊन फिरत होतो, का ते सांगायला नको), म्हणून तिची पाच वर्षांची मुलगी अंजली गावाकडे आजीजवळ असते. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. जनरल शिफ्ट मिळाली की मुलीला आणायचं आणि जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचं, असं तिचं सगळं ठरलेलं. मला हे सगळं माहीत होतं. तिने सांगितलं होतं, आणि जे सांगितलं नव्हतं ते मी तिच्या फोनमध्ये वाचलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी तीन वेगळी टेबलं मांडायला सांगितली. मी म्हणालो, "मॅडम, आमचा रोजचा उजेड रोजच्या टेबलावर आहे." वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचं त्यांनी ऐकलं. सुजित पलीकडे बसला, मी आणि विजयश्री नेहमीच्या जागी. तेवढ्यात मॅडमना चाकणचा फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. मी भुवया आक्रसून तीस मापं लिहिली.

बुधवारी निकाल लागला. मॅडमनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. सुजितची मापं इकडेतिकडे थोडी हललेली होती, माणसाची हलतात तशी. माझी आणि विजयश्रीची तीसच्या तीस जुळत होती, शेवटच्या आकड्यापर्यंत.

"सहाव्या नंबरची रिंग बघा," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या फेरीत सहा पूर्णांक शून्य तेरा. तिसऱ्या फेरीत शून्य तेरा. दुसऱ्या फेरीत शून्य एकतीस. लिहिताना आकडे उलटे पडलेत. एकाचे पडले असते तर मी समजले असते. दोघांचे एकाच जागी कसे पडतात?"

शून्य एकतीस म्हणजे ती रिंग भंगारातच. असा आकडा लिहिताना कुठलाही इन्स्पेक्टर ओरडला असता. मी तो सुंदर अक्षरात लिहिला होता.

"मॅडम, सर वीस वर्षं माप घेतायत," सुजित म्हणाला. "ते कशाला कोणाचं बघतील?" तो वाईट मुलगा नाही. त्याला खरंच तसं वाटलं.

मॅडमनी विजयश्रीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिने आपल्या बाजूने एक शब्द काढला नाही. मी काय केलं? मी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता. आयुष्यभर जिथे नको तिथे बघितलं आणि जिथे बघायला हवं होतं तिथे नेमका पंखा बघत बसलो.

"तुझं परमनंटचं पत्र मी तयार ठेवलं होतं," मॅडम तिला म्हणाल्या. "आता थांबवते. शुक्रवारी बोलू."

गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते. सकाळी नीलाने विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "मग भाजीच्या पिशवीत काय बघतोयस अर्धा तास?" मी पिशवी ठेवली आणि रूपीनगरला निघालो. विजयश्री तिथे एका बैठ्या चाळीत खोली करून राहते. तिला सांगायचं, उद्या मी सगळं कबूल करतो, तू काळजी करू नको. बसमध्ये वाक्य पाठ केलं. त्या दिवशी मी कोणाच्याही फोनमध्ये बघितलं नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, पडदा लावलेला. हाक मारायची, की कडी वाजवायची, की आधी ती आत आहे का ते बघायचं, ह्या विचारात मान आपोआप पुढे झाली. मागून आवाज आला, "काय वो, कोन पायजे?"

चाळीची मालकीण, दुर्गाबाई. जुन्या गावातल्या, नऊवारी, हातात केरसुणी.

"मला विचारताय?"

"व्हय, तुमालाच इचारतीया. पडद्यात काय डोकावताय?"

मी विजयश्रीचं नाव सांगायला हवं होतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस एकट्या बाईच्या दारात पडद्याशी सापडलेला, त्याच्या तोंडून जे निघालं ते असं: "खोली आहे का भाड्याने?"

"हाय की," त्या म्हणाल्या आणि केरसुणी खाली झाली. "किती जन?"

"दोघं. मी आणि बायको."

"मग बायकू कुटं हाय?"

"घरी."

"घर हाय तर खोली कशाला पायजे?" असं म्हणत त्यांनी शेजारच्या खोलीचं कुलूप काढलं आणि मला आत ढकललं. मी कपाट बघितलं, ओटा बघितला, नळ सोडून बघितला. मधली भिंत पातळ होती. पलीकडे विजयश्री फोनवर बोलत होती, आणि फोनचा आवाज मोठा होता.

"नाही गं माय, जूनला नाही जमायचं. दिवाळीला आणते तुला."

"तू तर म्हणलीस शाळेचा ड्रेस घेतलाय," पलीकडून लहान मुलीचा आवाज.

"घेतलाय की. इथंच ठेवलाय घडी करून."

"मग दिवाळीपर्यंत तो लहान नाही का होणार मला?"

विजयश्री म्हणाली, "नाही होत. मोठाच घेतलाय."

"मोरी बगा की, मोरी," दुर्गाबाई म्हणाल्या. मी मोरीत तोंड घालून उभा राहिलो. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "आवो, मोरी काय येवडी वाईट न्हाई, डोळ्यात पानी यायला."

मी त्यांना बायकोला घेऊन येतो असं सांगून बाहेर पडलो. विजयश्रीच्या दाराशी थांबायचं धाडस झालं नाही. मला स्वतःची किळस आली होती, आणि ती किळस मला नवीच होती.

शुक्रवारी मॅडम येण्याआधीच मी त्यांच्या केबिनबाहेर उभा होतो. आत गेल्यावर मी एका दमात सांगितलं की आकडे मी उतरवले, विजयश्रीने नाही.

"सर, तुम्ही तिला वाचवायला बोलताय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा डोळ्यांचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. उत्तम आहे."

मग मला कार्ड पाठ केल्याचंही सांगावं लागलं. आपला एक गुन्हा सिद्ध करायला दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा द्यायला लागणारा माणूस कंपनीत मी पहिलाच असेन. तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढला, एक रिंग दिली आणि म्हणाल्या, "वाचा."

मी हात लांब केला. आणखी लांब केला. खुर्ची मागे सरकवली. मॅडम बघत होत्या. शेवटी मी तो टेबलावर ठेवून दोन पावलं मागे गेलो आणि वाकून बघायला लागलो. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि विजयश्रीला आत बोलावलं.

"हे म्हणतात, दिवाळीपासून हे तुझ्या कागदावर बघून लिहीत होते."

"तिला काही माहीत नव्हतं," मी घाईने म्हणालो. "मी चोरून बघत होतो."

विजयश्रीने माझ्याकडे पाहिलं आणि मग मॅडमकडे. "माहीत होतं मॅडम. पहिल्या आठवड्यातच कळलं. सर मायक्रोमीटर उलटा धरायचे कधीकधी."

मी तर खल्लासच झालो. इतके महिने मी स्वतःला केवढा हुशार समजत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"सरांनी मला सगळं शिकवलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि वर कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती असं वाटलं. म्हणून मी कागद थोडा त्यांच्याकडे फिरवून ठेवायचे. आकडे मोठे काढायचे."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी चोरी करत नव्हतो, मला वाढलं जात होतं. बुधवारी तिने तोंड उघडलं असतं तर तिचं पत्र थांबलं नसतं, आणि तरी ती माझ्यासाठी गप्प राहिली होती. मी पंखा बघत असताना.

नियम दोघांनी मोडलाय, मॅडम म्हणाल्या. परीक्षा शनिवारी परत होईल, सुजित, विजयश्री आणि त्या स्वतः. मी त्यात नाही. "आणि त्यानंतरही पत्र लगेच देणार नाही. दिवाळीपासूनच्या रिपोर्टवर पडताळणीच्या सह्या ह्यांच्या आहेत आणि पडताळणी कोणी केलेलीच नाही. ती सगळी फाइल आधी दुरुस्त करा. नागसेन सर, तुमची सही तुम्ही खोडायची. विजयश्री, मापं तुझी आहेत असं लिहून तू सही करायची. शेवटचा रिपोर्ट झाला की पत्र घेऊन जा."

त्या संध्याकाळी नीलाने मला निगडीत चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मा लावून मी पहिल्यांदा तिच्याकडे जवळून बघितलं. ती म्हणाली, "काय बघतोयस?" मी म्हणालो, "काही नाही." दोन वर्षांत तिच्या डोळ्यांजवळ बारीक सुरकुत्या आल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता. मला वाईट वाटलं, पण सांगितलं असतं तर जेवण मिळालं नसतं.

शनिवारची परीक्षा पास झाली. विजयश्रीची मापं तिन्ही फेऱ्यांत जेमतेम हलली. त्याच दुपारी आम्ही दोघं फायली घेऊन बसलो. कंपनीच्या कागदावर चूक खोडायची एक पद्धत असते. काळं करायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. म्हणजे चूक कोणाची होती ते कायम दिसत राहतं. दोनशेच्या वर रिपोर्ट होते. मी माझ्या नावावर रेघ मारायचो आणि कागद पलीकडे सरकवायचो, ती 'मापं माझी' लिहून सही करायची. सोमवारी दुपारपर्यंत हेच चाललं. आम्ही फारसं बोललो नाही. एकदा मी म्हणालो, "मला माफ कर." ती म्हणाली, "सर, तो सतरावा नंबर राहिला."

शेवटचे चार राहिले, मग तीन. तिचा हात भरभर चालला होता. मॅडमच्या केबिनची काच समोर होती. मला दिसत होतं की पत्राचं पाकीट त्यांच्या टेबलावर काढून ठेवलेलं आहे. अगदी शेवटच्या रिपोर्टवर तिचं पेन थांबलं.

"सर, ह्यावर तुमची एकट्याचीच सही आहे."

"असेल. सिनियरची एकट्याची चालते कधीकधी."

"बावीस फेब्रुवारी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी गावाला होते. अंजलीचा वाढदिवस होता."

मी कागदाकडे पाहिलं. चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं. दहा रिंगांची दहा मापं, माझ्या सुंदर अक्षरात. त्या दिवशी बाहेर टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि समोरची खुर्ची रिकामी होती.

"मग त्या दिवशी तुम्ही कोणाचं बघून लिहिलंत?" तिने विचारलं.

"कोणाचंच नाही," मी म्हणालो. "मनाने लिहिलं."

मला तिच्या चेहऱ्यावर राग हवा होता, तो नव्हता. ती घाबरली होती. ह्या रिंगा पंपात बसतात, पंप कुठे बसतो ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

आणि मी काय म्हणालो असेन? मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "कर सही. हा शेवटचाच आहे. पाकीट समोर ठेवलंय. कोण बघतंय?"

विजयश्रीने पेनाचं टोपण लावलं. "नाही सर. ही मापं माझी नाहीत. ह्यावर मी सही करणार नाही."

"तुझं पत्र अडकेल."

"अडकू द्या."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आदराचा. इतके महिने तिने मला सांभाळून घेतलं होतं. आज नाही म्हणाली, तेही स्वतःच्या पोरीची शाळा पणाला लावून. मी वीस वर्षं क्वालिटीत काढली, आणि क्वालिटीतलं माणूस मी त्या क्षणी टेबलापलीकडे बघितलं. मी कागद उचलला, मॅडमच्या केबिनचं दार वाजवलं आणि आत जाऊन सांगितलं की ह्यातली दहाही मापं खोटी आहेत, मी रचलेली आहेत, आणि ती सही करायला तयार नाही.

प्रत्येक लॉटमधल्या दोन रिंगा आम्ही राखून ठेवतो. मॅडमनी त्या फेब्रुवारीच्या रिंगा कपाटातून काढल्या आणि विजयश्रीला मोजायला लावल्या. दोन्ही बरोबर निघाल्या. माझ्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला तशा मॅडम म्हणाल्या, "बरोबर निघाल्या म्हणून तुम्ही मोजल्या होत्या असं होत नाही." त्यांनी माझ्यासमोर चाकणला फोन लावला आणि सगळं जसं होतं तसं सांगितलं. फोन ठेवला आणि पाकीट विजयश्रीच्या हातात दिलं. तिने ते उघडलं नाही. छातीशी धरून ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि तिथूनच गावाला फोन लावला. मी कान दिला नाही. खरं सांगायचं तर दिला, पण मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

मला पॅकिंगला बदललं. मी ज्याला इतकी वर्षं घाबरत होतो ते अखेर झालं, आणि चष्म्यामुळे नाही झालं. आता मी खोक्यांत रिंगा भरतो, फोम लावतो आणि झाकण बंद करायच्या आधी वर इन्स्पेक्शनचा रिपोर्ट ठेवतो. रिपोर्टवर विजयश्रीची सही असते. तिचे आकडे आता पहिल्यासारखे लहान झालेत. खोकं बंद करण्याआधी मी चष्मा लावून प्रत्येक रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचतो, दहाच्या दहा मापं. पॅकिंगच्या माणसाने ते वाचावं असा काही नियम नाही.